अकरावीत कॉलेज, बारावीत डिग्री : हिशेब उलटा मांडा

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हायस्कूल चालू असतानाच कॉलेजचे विषय घेता येतात. एकाच विषयाचे क्रेडिट शाळेतही धरले जाते आणि कॉलेजातही. सगळे जुळून आले, तर बारावीच्या जूनमध्ये हायस्कूल डिप्लोमाच्या जोडीला दोन वर्षांची असोसिएट डिग्रीही हातात पडते. यावर तिकडच्या मराठी पालकांचे, मुलांचे आणि इकडच्या एका आजींचेही प्रश्न आले आहेत. नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून प्रत्येक उत्तर त्या-त्या राज्यापुरतेच वाचावे.

प्रश्न : मुलगी नववीत आहे. आम्ही वॉशिंग्टन राज्यात बेलव्ह्यूजवळ राहतो. रनिंग स्टार्ट या राज्याच्या योजनेतून बारावीपर्यंत पूर्ण ए.ए. (म्हणजे असोसिएट) डिग्री घ्यायची आणि मग युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनला कॉम्प्युटर सायन्स दोन वर्षांत संपवायचे, असा तिचा बेत आहे. नववीपासून काय तयारी करावी?

उत्तर : बेताचा पहिला अर्धा भाग शक्य आहे. दुसऱ्या अर्ध्याबद्दल शेवटी बोलू, कारण खरी मेख तिथेच आहे.

रनिंग स्टार्ट अकरावी आणि बारावीसाठी आहे. ट्यूशन माफ असते. कॉलेजची इतर फी, पुस्तके आणि जाण्यायेण्याचा खर्च घरचा. उत्पन्न कमी असेल तर त्यातही सवलत मिळते. वॉशिंग्टनची कम्युनिटी कॉलेजे (दोन वर्षांची सरकारी कॉलेजे) क्वार्टरवर, म्हणजे अकरा-अकरा आठवड्यांच्या सत्रांवर चालतात, त्यामुळे ए.ए.ला ९० क्वार्टर क्रेडिट लागतात. अकरावी-बारावीचे मिळून फॉल, विंटर, स्प्रिंग असे सहा क्वार्टर होतात आणि कॉलेजात एका क्वार्टरला फुकट मिळतात ती जास्तीत जास्त १५ क्रेडिट. सहा पंधरे नव्वद. म्हणजे हिशेब बरोब्बर बसतो, पण शिल्लक एकही राहत नाही. एका क्वार्टरला एक विषय बुडाला, मधेच सोडला किंवा हवा तो वर्ग भरून गेला, की ८५ वर गाडी अडते. उरलेला विषय मग उन्हाळ्यात घ्यावा लागतो, आणि त्याला माफी मिळते का हे आधी विचारून घ्यावे लागते. म्हणून नुसते "सहा क्वार्टर" असे धरून चालू नका. एक विषय मागे पडणारच, असे समजूनच आखणी करा.

आता नववी-दहावीचे काम. रनिंग स्टार्टची माफी फक्त १०० आणि त्यापुढच्या क्रमांकाच्या विषयांना आहे. मुलीचे गणित कॉलेजच्या पातळीला पोचले नसेल तर खालचे वर्ग स्वतःच्या पैशाने घ्यावे लागतात, आणि ते ९० मध्ये मोजलेही जात नाहीत. त्यामुळे दहावी संपेपर्यंत शाळेतले अल्जेब्रा दोन पक्के झालेले हवे. तिला कॉम्प्युटर सायन्सकडे जायचे आहे, तेव्हा गणिताची साखळी आधी कागदावर मांडा. अकरावीच्या फॉलमध्ये मॅथ १४१ म्हणजे प्रीकॅल्क्युलस एक, विंटरमध्ये १४२, स्प्रिंगमध्ये कॅल्क्युलसचे १५१, बारावीच्या फॉलमध्ये १५२ आणि विंटरमध्ये १५३. पाच विषय, २५ क्रेडिट, आणि प्रत्येकाला आधीचा पास झालेला हवा. यातला एक क्वार्टर चुकला तर सगळी साखळी एक घर पुढे सरकते. शाळेतच दहावीपर्यंत प्रीकॅल्क्युलस झाले असेल, तर दोन घरे मोकळी मिळतात. तिथे भौतिकशास्त्र बसते.

डिग्रीचा सांगाडा असा : इंग्रजी आणि संभाषण मिळून १०, संख्यात्मक विषय ५, मानव्यविद्या १५, समाजशास्त्रे १५, निसर्गविज्ञाने १५ आणि त्यात प्रयोगशाळेचा एक विषय आवश्यक. झाले ६०. उरलेले ३० ऐच्छिक. याला डायरेक्ट ट्रान्स्फर म्हणतात. राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांत अनेक विषयांचे क्रमांक सारखेच आहेत. 'इंग्लिश' आणि '१०१' यांच्या मधे 'अँड'चे चिन्ह (&) दिसले, तर तो विषय राज्यभर त्याच क्रमांकाने ओळखला जातो.

शाळेची बाजू विसरू नका. वॉशिंग्टनमध्ये हायस्कूल पूर्ण करायला २४ शालेय क्रेडिट लागतात आणि कॉलेजचा ५ क्रेडिटचा एक विषय शाळेच्या १ क्रेडिटएवढा धरतात. इंग्रजी, गणित, विज्ञान यांची अडचण येत नाही. अडतात ते आरोग्य आणि पी.ई.चे २, कलेचे २, व्यवसायशिक्षणाचे १ आणि परभाषेचे २. कॉलेजात गेल्यावर सकाळच्या लॅबमुळे शाळेतल्या पी.ई.चा तास जमत नाही, आणि बारावीच्या एप्रिलमध्ये शाळा कळवते की आरोग्याचे अर्धे क्रेडिट बाकी आहे. ही असली किरकोळ क्रेडिटे नववी-दहावीतच उडवून टाका. अमेरिकेचा इतिहास आणि नागरिकशास्त्र कॉलेजात घ्यायचे असेल, तर कोणत्या क्रमांकाचा विषय शाळेच्या अटीला चालतो हे डिस्ट्रिक्टकडून (शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाकडून) ईमेलवर लिहून घ्या. तोंडी "चालेल" म्हणणारा काउन्सेलर पुढच्या वर्षी त्या शाळेत असेलच असे नाही.

मराठी घरांसाठी एक सोय सांगण्यासारखी आहे. वॉशिंग्टनमध्ये परभाषेचे शालेय क्रेडिट वर्गात न बसता भाषेची परीक्षा देऊनही मिळते. लिहिणे, वाचणे, बोलणे सगळे तपासतात, त्यामुळे फक्त आजीशी फोनवर बोलता येणे पुरत नाही. देवनागरी लिहिता यायला हवी. मराठीची परीक्षा तुमच्या डिस्ट्रिक्टमार्फत देता येते का, हे नववीतच विचारा. जमले तर शाळेतली दोन वर्षांची जागा मोकळी होते. मात्र हे शाळेचे क्रेडिट आहे, ९० मध्ये ते धरले जात नाही.

कागदोपत्री जे अडते ते म्हणजे दर क्वार्टरचा रनिंग स्टार्टचा पडताळणी फॉर्म. या क्वार्टरला किती क्रेडिट माफ, हे त्यावर शाळेचा काउन्सेलर सही करून सांगतो. फॉलचा फॉर्म जूनमध्ये शाळा सुटण्याआधी सही करून घ्या. जुलैत काउन्सेलर सुट्टीवर, कॉलेजची नोंदणी चालू आणि तुमच्या हातात बिल, असे दरवर्षी कुणाचे तरी होते. नव्या विद्यार्थ्यांची नोंदणी सगळ्यांत शेवटी उघडते, तेव्हा लॅबचे सकाळचे वर्ग भरलेले असतात. प्रत्येक विषयाला दोन पर्याय लिहून ठेवा.

वेळेचा अंदाजही खरा धरा. वर्गातल्या एका तासाला बाहेर दोन तास, हा कॉलेजचा सर्वसाधारण हिशेब. १५ क्रेडिट म्हणजे आठवड्याला ४५ तास, आणि क्वार्टर अकरा आठवड्यांत संपतो. तिसऱ्या आठवड्यात पहिली परीक्षा येते. शाळेत "सेमिस्टरच्या शेवटी भरून काढू" ही सवय लागलेली मुले इथेच घसरतात.

आता मेख. ए.ए. हातात असली तरी ती विद्यापीठाला अर्ज करते ती पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी म्हणूनच; हायस्कूल संपण्याआधी मिळवलेल्या क्रेडिटांमुळे कुणी ट्रान्स्फर, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून आलेला, विद्यार्थी होत नाही. प्रवेशाच्या दृष्टीने हे चांगलेच. पण कॉम्प्युटर सायन्सला जागा मिळाली तरी त्या शाखेचे विषय एकामागून एक असे साखळीत आहेत. ९० क्रेडिटांनी मानव्यविद्या, समाजशास्त्रे, गणित संपेल. प्रोग्रॅमिंगपासून सिस्टिम्सपर्यंतची साखळी संपायला तीन वर्षे धरा, दोन नव्हे. दोन वर्षांत संपतात ते इतिहास, अर्थशास्त्र, संज्ञापन असे विषय, जिथे साखळी आखूड असते. म्हणून हिशेब शेवटाकडून मांडा. आधी हवे ते विद्यापीठ आणि मेजर (पदवीचा मुख्य विषय), मग त्या मेजरच्या पहिल्या दोन वर्षांचे विषय, मग त्यांतले कोणते कम्युनिटी कॉलेजात त्याच क्रमांकाने मिळतात, आणि सगळ्यांत शेवटी ए.ए.ची पाने भरायला काय उरते. बहुतेक घरांत हे बरोबर उलट होते. आधी ९० भरतात, मग मेजर शोधतात.

प्रश्न : माझी नात सतरा वर्षांची, अमेरिकेत बारावीला आहे. सून म्हणते तिला शाळेआधी कॉलेजची पदवी मिळाली. शाळा संपायच्या आत पदवी कशी मिळेल? की फसवतात? - एक आजी, सांगली

उत्तर : आजी, फसवत नाहीत. पदवी खरी आहे, फक्त तुमच्या मनातली बी.ए. नव्हे. तिकडे बॅचलर डिग्री चार वर्षांची असते, साधारण १२० क्रेडिटची. त्यातला पहिला अर्धा भाग, म्हणजे ६० क्रेडिट (वॉशिंग्टनची ९० क्वार्टर क्रेडिट म्हणजे हीच ६०), झाला की कम्युनिटी कॉलेज असोसिएट नावाची पदवी देते. नातीने अकरावी-बारावीचे विषयच कॉलेजात जाऊन घेतले असणार, म्हणून एका दगडात दोन पक्षी मारले गेले. कॉलेजचा समारंभ शाळेच्या समारंभाआधी झाला, तर आधी कॉलेजची टोपी आणि नंतर शाळेची, असा उलटा फोटो घरी लागतो. सुनेला एवढेच विचारा, की यातली किती क्रेडिटे पुढचे विद्यापीठ घेणार. पेढे त्यानंतर वाटले तरी चालतील. (आधी वाटले तरी हरकत नाही म्हणा.)

प्रश्न : आम्ही टेक्ससमध्ये डॅलसच्या उपनगरात असतो. मुलगा नववीत. शाळा म्हणते डुअल क्रेडिट घ्या, मित्रमंडळी म्हणतात फक्त ए.पी.च (शाळेतच कॉलेजच्या पातळीचा विषय शिकून शेवटी कॉलेज बोर्डाची परीक्षा) घ्या. इंजिनिअरिंगला जायचे आहे. ६० क्रेडिट पूर्ण करण्यात अर्थ आहे का?

उत्तर : आधी विषयाचा क्रमांक वाचायला शिका, निम्मा गोंधळ मिटेल. टेक्ससच्या सामाईक पद्धतीत विषयाला चार आकडे असतात. पहिला आकडा पातळी सांगतो, १ म्हणजे पहिले वर्ष आणि २ म्हणजे दुसरे. दुसरा आकडा क्रेडिट सांगतो. शेवटचे दोन म्हणजे विषयाची ओळख. इंग्लिश १३०१ हा पहिल्या वर्षाचा, ३ क्रेडिटचा विषय. मॅथ २४१३, म्हणजे कॅल्क्युलस एक, दुसऱ्या वर्षाच्या पातळीचा आणि ४ क्रेडिटचा. मॅथ १३१४ म्हणजे कॉलेज अल्जेब्रा. शाळेने दिलेल्या यादीत मुलासमोर १३१४ लिहिले असेल आणि त्याला इंजिनिअरिंग करायचे असेल, तर ते क्रेडिट त्याच्या डिग्रीत बहुतेक कुठेच बसणार नाही. तिथे गणित सुरू होते तेच २४१३ पासून. तीन क्रेडिट मिळाली, फळ्यावर ६० मधले तीन कमी झाले, आणि इंजिनिअरिंगच्या दृष्टीने काही झाले नाही.

टेक्ससच्या सरकारी कॉलेजांत ४२ क्रेडिटचा एक गाभा ठरलेला आहे : संज्ञापन ६, गणित ३, विज्ञान ६, भाषा-तत्त्वज्ञान-संस्कृती ३, कला ३, अमेरिकेचा इतिहास ६, राज्यशास्त्र ६, समाजशास्त्रे ३ आणि कॉलेजच्या पर्यायाचे ६. हा संपूर्ण गाभा एका सरकारी कॉलेजात पुरा केला, तर राज्यातल्या दुसऱ्या सरकारी विद्यापीठाला तो एकगठ्ठा स्वीकारावा लागतो. अर्धवट राहिला तर एकेक विषय तपासला जातो. ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रकावर, गाभा पूर्ण झाल्याची नोंद आली आहे ना, हे शेवटी डोळ्यांनी पाहा. ती नसेल तर रजिस्ट्रारला सांगून घालून घ्या. खासगी आणि राज्याबाहेरच्या विद्यापीठांना हा नियम लागू नाही.

इंजिनिअरिंगसाठी आमचा सल्ला असा : इतिहासाचे १३०१ आणि १३०२, राज्यशास्त्राचे २३०५ आणि २३०६, इंग्रजीचे १३०१ आणि १३०२ हे सहा विषय डुअल क्रेडिटने घ्या. १८ क्रेडिट होतात, राज्यातल्या कुठल्याही सरकारी विद्यापीठात लागतातच. २३०६ तर टेक्ससच्या राज्यकारभाराचा विषय आहे, त्याला राष्ट्रीय पातळीवरची ए.पी. परीक्षाच नाही. कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्र मात्र ए.पी.ने घ्या, किंवा ज्या कॉलेजात हाच विषय खुद्द इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवतात तिथे. कारण पुढचा विषय या पायावर उभा असतो. हायस्कूलच्या इमारतीत सोप्या प्रश्नांवर मिळालेली 'ए' पुढे कॅल्क्युलस दोनमध्ये उघडी पडते.

एकच विषय दोनदा मोजला जात नाही, हेही लक्षात ठेवा. ए.पी. यूएस हिस्ट्रीत ४ मिळवले आणि डुअल क्रेडिटने १३०१-१३०२ ही केले, तर दोन्ही मिळून एकच ६ क्रेडिट. इंग्रजीचेही तसेच. वर्षभराची मेहनत आणि परीक्षेची फी, दोन्ही वाया.

डुअल क्रेडिटला बसण्याआधी कॉलेजच्या अभ्यासाची तयारी तपासणारी टी.एस.आय. चाचणी असते. सध्याच्या आवृत्तीत गणितात ९५०, आणि इंग्रजीत ९४५ व निबंधात किमान ५ असे गुण लागतात. मुले निबंधात अडकतात. गणितात बहुतेकांचे निभावते, पण निबंधात मुद्दा मांडून तो शेवटपर्यंत न्यायचा असतो, ते आयत्या वेळी जमत नाही. नववीच्या स्प्रिंगमध्येच एकदा देऊन पाहावी. शाळेत मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र असलेल्या मुलांना राज्याच्या २०२३ च्या कायद्यानंतर सहभागी कॉलेजांत डुअल क्रेडिट फुकट मिळते. बाकीच्यांना कॉलेजागणिक दर वेगळा.

६० पूर्ण करण्याच्या प्रश्नाचे उत्तर मग असे येते : ४२ पूर्ण करा, वर शाखेचे कॅल्क्युलस, केमिस्ट्री, फिजिक्स जमेल तेवढे घ्या. ते ६० झाले तर कागद मिळेल. नाही झाले तर काही बिघडत नाही. १८ भलतीच क्रेडिटे घेऊन कागद मिळवण्यापेक्षा ४८ उपयोगाची बरी.

प्रश्न : मी दहावीत आहे. क्लेपच्या परीक्षा देऊन घरबसल्या ६० क्रेडिट होतात असं ऐकलं. खरं आहे का? - एक विद्यार्थी, न्यू जर्सी

उत्तर : अर्धे खरे. क्लेप ही कॉलेज बोर्डाचीच परीक्षा, एकूण ३४ विषय, बहुतेक पेपर ९० मिनिटांचे, संगणकावर. गुण २० ते ८० च्या पट्टीवर, आणि शिफारस ५० ला क्रेडिट द्यायची आहे. फी शंभर डॉलरच्या आत असते, परीक्षा केंद्राची फी वेगळी. नापास झालास तर तोच विषय तीन महिने देता येत नाही, तेव्हा ऑगस्टमध्ये पडलास तर नोव्हेंबरपर्यंत थांबावे लागेल.

पण परीक्षा पास होणे आणि क्रेडिट मिळणे या दोन गोष्टी आहेत. क्रेडिट देते ते कॉलेज. कुठे ५० चालतात, कुठे जास्त हवेत, कुठे काही विषयच चालतात, आणि वरच्या क्रमांकाची अनेक खासगी विद्यापीठे क्लेप पाहतसुद्धा नाहीत. शिवाय कोणतेही कॉलेज आपल्या नावाची पदवी देताना काही क्रेडिट आपल्याच वर्गात घ्यायला लावते. असोसिएटला बहुधा चौथाई, म्हणजे ६० पैकी १५. म्हणजे सगळी ६० घरबसल्या होत नाहीत.

तू असे कर. ज्या तीन-चार विद्यापीठांत जायचे मनात आहे, त्यांच्या रजिस्ट्रारच्या पानावर क्लेपचा आणि ए.पी.चा तक्ता असतो. कागदावर रकाने आखून प्रत्येक विषयासमोर लिही : किती गुणांना, कोणत्या क्रमांकाच्या विषयाचे, किती क्रेडिट. "ऐच्छिक" असा शेरा दिसला तर त्या परीक्षेच्या नादी लागू नकोस. ते क्रेडिट संख्येत दिसते, पण एकही आवश्यक विषय त्याने कमी होत नाही. तुझ्या काउंटीच्या कॉलेजशी तुझ्या शाळेचा करार आहे का, हेही विचार. न्यू जर्सीत डुअल एनरोलमेंटची फी आणि विषय त्या करारावर ठरतात, त्यामुळे शेजारच्या गावातल्या मित्राला स्वस्तात मिळाले म्हणून तुलाही तेवढ्यात मिळेल असे नाही.

ए.पी. की क्लेप, असा प्रश्न असेल तर ए.पी.ला मान जास्त. ती मे महिन्यातच होते, नोंदणी शाळेमार्फत आदल्या फॉलमध्येच संपते आणि निकाल जुलैत येतो. क्लेप वर्षभर देता येते. शाळेत न शिकवलेला एखादा विषय तुला आधीच येत असेल, तर त्याच्यासाठी क्लेप चांगली.

प्रश्न : मुलीला डॉक्टर व्हायचे आहे. ती अकरावीत कॉलेज केमिस्ट्री घेते आहे. पहिल्या क्वार्टरला 'सी' आली. शाळकरी वयातली म्हणून पुढे सोडून देतात ना?

उत्तर : नाही. या अंकातले सगळ्यांत गंभीर उत्तर हेच आहे, म्हणून आडपडदा न ठेवता सांगतो.

हायस्कूलमध्ये असताना घेतलेला कॉलेजचा विषय त्या कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर कायम राहतो. मेडिकल स्कूलचा सामाईक अर्ज, ज्याला ॲमकास म्हणतात, त्यात प्रत्येक कॉलेजचे ट्रान्स्क्रिप्ट द्यावे लागते, हायस्कूलच्या वयातलेही. ते गुण पदवीच्या एकूण जीपीएत (गुणांच्या सरासरीत) धरले जातात आणि केमिस्ट्री असल्यामुळे विज्ञान-गणिताच्या वेगळ्या जीपीएतही. विषय पुन्हा घेऊन 'ए' आणली तरी कॉलेज जुनी 'सी' पुसेल, ॲमकास पुसत नाही, दोन्ही मोजते. कायद्याच्या शिक्षणासाठीची अर्जव्यवस्थाही पहिली बॅचलर पदवी मिळण्याआधीचे सगळे कॉलेजगुण एकत्र करते.

एका 'सी'ने दरवाजा बंद होत नाही. ५ क्वार्टर क्रेडिट म्हणजे सेमिस्टरची साधारण ३.३, पुढच्या १२० मध्ये ती बुडून जाते. पण कारण शोधा. पहिल्या क्वार्टरला 'सी' येते ती बहुधा लॅब रिपोर्ट वेळेवर न दिल्याने किंवा गणित कच्चे असल्याने. कच्चे गणित असेल तर केमिस्ट्रीची पुढची पायरी आत्ता घेऊ नका. हायस्कूलमध्ये इंग्रजी, मानसशास्त्र, समाजशास्त्र, संख्याशास्त्र घ्या. मुख्य विज्ञाने चार वर्षांच्या कॉलेजसाठी राखून ठेवा. काही मेडिकल स्कूल्स आवश्यक विज्ञाने चार वर्षांच्या विद्यापीठात केलेली पसंत करतात, तेव्हा तसेही फार हरवत नाही.

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा. कॉलेजात फोन केला तर त्याचे गुण मला, बापाला, सांगायला नकार दिला! फी मी भरतो.

उत्तर : त्यांचे बरोबर आहे. १९७४ च्या फर्पा कायद्यानुसार विद्यार्थी कॉलेजात गेला की शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा होतो, वय काहीही असो. करासाठी तो तुमच्यावर अवलंबून असेल तर कॉलेज तुम्हाला माहिती देऊ शकते, पण द्यायला बांधील नाही. मुलाकडून संमतीचा फॉर्म भरून घ्या, किंवा त्याहून सोपे, दर रविवारी त्यानेच पोर्टल उघडून तुमच्यासमोर बसावे. कॉलेज शाळेसारखी चिठ्ठी पाठवत नाही, आणि प्रोफेसर पालकसभा घेत नाहीत.

या निमित्ताने तारखांचे सांगतो. प्रत्येक सत्रात दोन मुदती असतात. पहिल्या मुदतीआत विषय सोडला तर ट्रान्स्क्रिप्टवर खूणही राहत नाही. दुसऱ्या मुदतीआत सोडला तर 'डब्ल्यू' लागते. त्यानंतर जे पडतील ते गुण. 'डब्ल्यू' जीपीएत धरत नाहीत म्हणून मुले बिनधास्त सोडतात, पण पुढे त्याच कॉलेजात आर्थिक मदत घेऊन शिकायचे ठरले तर ती आडवी येते. सरकारी आर्थिक मदतीसाठी घेतलेल्या क्रेडिटांपैकी सहसा ६७ टक्के पूर्ण झालेली लागतात. बारा क्रेडिटांचे चार विषय घेऊन दोन सोडले, तर प्रमाण ५० टक्के. मुलगा पहिल्या वर्षाला रीतसर दाखल होतो तोच सूचनापत्र घेऊन.

प्रश्न : आम्ही एच-१ (नोकरीच्या व्हिसा) वर, मुलगी एच-४ (एच-१ वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसा) वर. तिला हे चालते का?

उत्तर : शिकायला एच-४ वर बंधन नाही, अर्धवेळ असो की पूर्णवेळ. फेडरल मदत मात्र मिळत नाही, आणि हायस्कूलमध्ये असेपर्यंत ती इतरांनाही सहसा मिळत नाही. एच-४ २१ पूर्ण होताच संपते. लवकर मिळालेल्या क्रेडिटांमुळे चार वर्षांऐवजी तीन वर्षांची फी पडते, ही बचत खरी. पण त्यामुळे व्हिसाचा प्रश्न सुटत नाही. नोकरीआधीच्या प्रशिक्षणासाठी एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, लागतो, तेव्हा विसाव्या वर्षाच्या आत वकिलाशी बोला. एफ-२ वरच्या (एफ-१ वाल्यांच्या) मुलांना शाळा पूर्णवेळ चालते, कॉलेज मात्र अर्धवेळच. म्हणून १५ क्रेडिटचा बेत त्यांच्यासाठी नाही.

प्रश्न : पुण्यात अकरावी सायन्सला आहे. आपल्याकडे असे काही आहे का?

उत्तर : जसेच्या तसे नाही. आपल्याकडे पदवीला प्रवेश सहसा बारावीनंतरच. जवळ जाणाऱ्या दोन वाटा आहेत.

एक, आयआयटी मद्रासचा ऑनलाइन बी.एस. अभ्यासक्रम. अकरावीची वार्षिक परीक्षा दिली की त्याच्या पात्रता फेरीला अर्ज करता येतो. चार आठवड्यांचा अभ्यास, दर आठवड्याचे स्वाध्याय, मग प्रत्यक्ष केंद्रावर परीक्षा. पात्र ठरलास तरी पदवीचे वर्ग बारावी पास झाल्यावरच सुरू होतात. आधी मिळते ती जागेची निश्चिती, क्रेडिट नव्हे. बारावीच्या ऐन घाईत हे करायचे का, हे जेईई-सीईटीचा ताण पाहून ठरव. करायचेच तर अकरावीनंतरच्या सुट्टीत उरकून घे.

दुसरी वाट आता तुझ्यासाठी मागे पडली, पण धाकट्या भावंडांना सांग. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा आणि मग इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. महाराष्ट्रात ही सोय जुनी आहे. वर्षे मात्र वाचत नाहीत : अकरावी-बारावी आणि चार वर्षे मिळून सहा, डिप्लोमा आणि तीन वर्षे मिळूनही सहाच. मधे हातात एक डिप्लोमा आणि वर्कशॉपची सवय मिळते, आणि तिथे थांबायचे झाले तर नोकरीपुरता कागद असतो. अडतात ती मुले दुसऱ्या वर्षाच्या गणितात, कारण तिथे आलेल्या वर्गमित्रांनी पहिल्या वर्षाचे एम-वन, एम-टू केलेले असते. डिप्लोमाच्या शेवटच्या सुट्टीत तेवढी दोन पुस्तके संपवायची.